मोरोची नदी

लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती, की मोरो नावाची एक नदी सांगलीकडे कुठेतरी आहे. आमचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, लढाईवर जाऊन आलेले. त्यांच्या बोलण्यात वर्षाकाठी एखाद्या वेळी 'मोरोची नदी' यायची आणि 'सांगरू' यायचे. मोरोपंत, मोरेश्वर ही नावे कानावरची. तेव्हा कुणा मोरोपंताने घाट बांधला असेल आणि नदीला त्याचे नाव पडले असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. सांगरू हे अर्थातच सांगलीच्या अलीकडचे गाव. चौथीत असताना मी जिल्ह्याच्या नकाशात दोन्ही शोधली. सापडली नाहीत, म्हणून गुरुजींना विचारले. त्यांनी क्षणभर छताकडे पाहिले आणि "तासगावच्या बाजूला असेल," असे सांगून टाकले. शिक्षकाने 'ठाऊक नाही' म्हणायचे नसते, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. पुढे मी शिक्षक झालो आणि तो नियम इमानाने पाळत आलो.

ती नदी मला सापडली ती पुण्यात, अप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर. आबा जाऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. शाळेची पुस्तके घ्यायला गेलो होतो. एसटीला वेळ होता म्हणून जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी उकिडवा बसलो. एक इंग्रजी पुस्तक उचलले, मधेच उघडले आणि 'मोरो' हा शब्द दिसला. दोन पानांमागे 'सांग्रो' होते. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर एड्रियाटिक समुद्राला मिळणाऱ्या त्या दोन नद्या निघाल्या. पुस्तकवाल्याने चाळीस रुपये सांगितले, मी घासाघीस केली नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पलीकडे फारसे गेलेले नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक वाचायला मला दीड महिना लागला.

पुस्तकाचे नाव 'अँड नो बर्ड्स सँग'. म्हणजे, आणि एकही पाखरू गात नव्हते. लेखक फार्ली मोवॅट, कॅनडाचा. पुस्तक १९७९ सालचे. लेखक म्हणून हा गृहस्थ मोठा नावाजलेला. त्याची पुस्तके पन्नासाहून अधिक भाषांत गेली आणि सव्वा कोटीच्या कितीतरी पुढे खपली, हे मला नंतर कळले. पुस्तक घेताना मी फक्त नदीचे नाव पाहिले होते.

मोवॅटचा जन्म १२ मे १९२१ चा, ओंटारिओ प्रांतातल्या बेलव्हिल गावचा. आमच्या आबांच्या जन्माची नोंद नाही. पण भरतीच्या कागदांवर जे वय लिहिले आहे त्यावरून दोघे एकाच वर्षाचे. बाप ग्रंथपाल. तोही पहिल्या महायुद्धात लढलेला आणि हाताला कायमची जखम घेऊन आलेला. पोराला वेड पाखरांचे. सॅस्कटूनला असताना त्याने घरात घुबडे पाळली होती, आणि शाळकरी वयातच तिथल्या वर्तमानपत्रात तो पक्ष्यांवर सदर लिहीत असे. पाखरांमागे रानोमाळ हिंडलेल्या पोराने पुढे म्हातारपणाकडे झुकताना पुस्तकाला असे नाव द्यावे, यात त्याची सगळी कहाणी आली असे मला वाटते.

१९३९ च्या सप्टेंबरात तो घराच्या ओसरीला रंग देत होता. वडील मोटारीतून आले आणि त्यांनी युद्धाची बातमी सांगितली. पुस्तकाची सुरुवातच तिथे आहे. बातमी सांगताना बाप खुशीत होता, आणि त्या खुशीबद्दल पोराने कुठे राग धरलेला नाही. तो विमानदळात भरती व्हायला गेला, तर वजन कमी म्हणून त्यांनी परत पाठवला. दिसायला पंधरा वर्षांचा वाटे, मिसरूड फुटलेले नाही. शेवटी बापाच्याच जुन्या पलटणीत गेला. पलटणीचे नाव हेस्टिंग्ज अँड प्रिन्स एडवर्ड रेजिमेंट. लोक तिला थट्टेने 'नांगरवाले' म्हणत, कारण तिच्यात भरणा सगळा ओंटारिओतल्या शेतकऱ्यांच्या पोरांचा. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो. आमच्या माणदेशातून बेळगावला मराठा पलटणीत गेलेली पोरे वेगळी कोण होती? पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, म्हणून नांगर सोडून गेलेली.

१० जुलै १९४३ ला कॅनेडियन फौज सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरली. मोवॅट तेव्हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट, तीसेक माणसांचा पुढारी. "चला माझ्यामागून!" अशी आरोळी ठोकून त्याने होडीच्या फळीवरून उडी घेतली ती थेट डोक्यावरच्या पाण्यात. शूर पुढारी बुडबुडे सोडीत तळाशी. हे त्याने स्वतःच खो खो हसत सांगितले आहे. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग असाच हसत जातो, आणि वाचणाऱ्याला वाटते, की लढाई म्हणजे थोडीशी दांडगाईची सहल.

मग येतो असोरोचा डोंगर. हे गाव उंच सुळक्यावर, जर्मनांच्या ताब्यात. वाट एकच, तिच्यावर तोफा रोखलेल्या. पलटणीचा मुख्य अधिकारी टेहळणी करताना मारला गेला. सूत्रे आली दुय्यम अधिकारी लॉर्ड ट्वीड्सम्यूर याच्याकडे. हा जॉन बकन या कादंबरीकाराचा मुलगा. त्याने ठरवले, की ज्या बाजूने कुणी येणे शक्य नाही त्याच बाजूने जायचे. २१ जुलैच्या पहाटेपूर्वीच्या अंधारात पलटण उभा कडा हातापायांनी चढून वर गेली, आणि उजाडताना जर्मन पहारेकऱ्यांच्या मागे उभी राहिली. मराठी वाचकाला इथे काय आठवेल ते मी सांगायला नको. सिंहगड, घोरपड, दोर. मलाही तेच आठवले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

माझी पहिली कादंबरी २००३ साली आली. तिच्यात 'कडा' नावाचे एक प्रकरण आहे. नायकाचे आजोबा इटलीत लढतात, अंधारात कडा चढून जातात, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" असे गर्जत एकटेच मशीनगनवर तुटून पडतात आणि ठाणे घेतात. आबांनी मला यातले काहीही सांगितलेले नव्हते. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात असा एकट्याने हल्ला केला. त्यांना त्यात मरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वयाची बाविशी. ते मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे, आबा पहिल्या बटालियनचे. मी घाडग्यांचे मरण उचलले, त्यातून मरण वगळले आणि आबांच्या अंगावर घातले. कड्याची तर निव्वळ हौस. परीक्षणांत ते प्रकरण वाखाणले गेले. एका वर्षी ते प्रकरण शाळेतल्या मुलांनी गॅदरिंगमध्ये करून दाखवले. बाके एकावर एक रचून कडा केला होता.

पुस्तक छापून आले तेव्हा आबा हयात होते. डोळे अधू झाले होते, म्हणून मीच त्यांना ते प्रकरण वाचून दाखवले. गोठ्याच्या उंबऱ्याशी घोंगडीवर ते बसलेले. मी चांगला वाचतो, आवाज चढवायचा तिथे चढवतो. वाचन संपल्यावर ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले,

"तुज्या बुकात कुनीच भीत न्हाई व्हय रं?"

आणि उठून बैलाला वैरण टाकायला गेले. पुढल्या वर्षी ते वारले. मला तेव्हा वाटले होते, की म्हाताऱ्याला कादंबरी कळली नाही.

असोरोनंतर मोवॅटच्या पुस्तकातले हसू हळूहळू आटत जाते. माणसे मरतात, त्यांच्या जागी नवी येतात, त्यांची नावे पाठ होण्याआधी तीही मरतात. डिसेंबरात पलटण मोरोच्या काठाला आली. नदी म्हणजे आमच्या माणगंगेसारखीच, एरवी ओढा. पण पावसाने दोन्ही काठांचा चिखल झालेला आणि पलीकडच्या टेकाडावर जर्मन. ५ डिसेंबरच्या रात्री कॅनेडियनांनी तीन ठिकाणी नदी ओलांडायला सुरुवात केली. मोवॅटची पलटण समुद्राजवळच्या मुखाशी होती. तिथून आत, काही मैलांवर, व्हिला रोगाती नावाच्या वस्तीपाशी कॅनेडियनांनी घेतलेली जागा दोन दिवसांत आठव्या हिंदी डिव्हिजनकडे आली. तिथे पूल बांधणे अशक्य आहे असे ठरले होते, कारण अलीकडच्या काठावर सामान जुळवायला जागाच नव्हती. हिंदी सॅपर्सनी सगळे सामान पलीकडे नेले आणि शत्रूच्या बाजूने सुरुवात करून पूल उलटा अलीकडे आणला. त्याला नावच 'अशक्य पूल' असे पडले. आबांची बटालियन या डिव्हिजनमधली. म्हणजे ओंटारिओचा नांगरवाला आणि माणदेशाचा नांगरवाला त्या पंधरवड्यात एकाच नदीच्या चिखलात, एकाच तोफांच्या आवाजाखाली होते. एकमेकांना ते दिसण्याचे कारण नव्हते. मी ते दोघे भेटवणार नाही. कादंबरीत भेटवले असते.

याच ठिकाणी मोवॅट एका किड्याची गोष्ट सांगतो. भीतीला त्याने किडा म्हटले आहे, कधीच न मरणारा. तो पोटात शिरतो आणि आतून खात राहतो. आधी त्याला वाटत असे, की भिणारा माणूस निराळ्या जातीचा असतो. मग एके दिवशी त्याला स्वतःच्या पोटात ती वळवळ कळली. तेव्हापासून त्याचा दिवस दोन कामांत जायचा: किड्याला लपवायचे, आणि दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर तो शोधायचा. त्याने कुठे स्वतःला माफी मागितलेली नाही आणि कुठे छातीही पिटलेली नाही. दात दुखतो हे सांगावे तसे सांगितले आहे. पराक्रमाची वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत. पण शिपायाने, तेही अधिकाऱ्याने, आपले भिणे इतके तपशिलाने मांडलेले मी तोपर्यंत वाचले नव्हते.

तोफांचा मारा चुकवायला तो एका दगडी झोपड्यात शिरतो. आत तीन जर्मन मरून पडलेले आहेत. चौथा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला आहे, एक हात तुटलेला, दुसऱ्या हाताने तो थोटूक दाबून धरले आहे. तो पाणी मागतो. मोवॅटच्या बाटलीत पाणी नाही, रम आहे. अशा जखमेला दारू द्यावी की नाही अशी त्याला क्षणभर शंका येते. मग तो देतो. दोघे ती बाटली आळीपाळीने पितात. बाहेर तोफा चालू आहेत. थोड्या वेळाने जर्मन मरतो. एवढेच. ते पान मी कितीदा वाचले असेल याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी मला वाटे, की आता पुढच्या ओळीत लेखक काहीतरी म्हणेल, माणुसकी, बंधुत्व, असे काहीतरी. तो म्हणत नाही.

पुस्तक १९४३ च्या नाताळापाशी संपते. जवळच ओर्तोना शहरात घराघरांतून लढाई चालू आहे, आणि शहराबाहेरच्या चिखलात मोवॅटची पलटण. तिथला मेजर अलेक्स कॅम्बेल, थोराड अंगाचा. त्याचा बाप पहिल्या महायुद्धात गेलेला. या माणसाने लढाईआधी एक छोटी प्रार्थना लिहून ठेवली होती. नाताळच्या दिवशी तो एकटाच मशीनगनच्या तोंडावर धावून गेला आणि पडला. हाच तो एकट्याचा हल्ला. मी ज्यावर टाळ्या घेतल्या, तो मोवॅटने चार ओळींत लिहून सोडून दिला आहे. मग दुसरा एक मित्र बेशुद्ध असा स्ट्रेचरवरून येतो. मोवॅट रडू लागतो, आणि आपण मेलेल्यांसाठी रडत होतो की उरलेल्यांसाठी, हे त्याला इतक्या वर्षांनीही नक्की सांगता येत नाही. पुस्तक तिथे थांबते. युद्ध त्यानंतरही सोळा महिने चालले.

त्याच्या उरलेल्या आयुष्याची हकिकत मी लवकर आटोपतो. तो इटलीतून हॉलंडला गेला, १९४६ साली कॅप्टन म्हणून घरी आला, टोरांटोला शिकला आणि उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात जाऊन तिथल्या उपाशी लोकांवर १९५२ साली पहिले पुस्तक लिहिले. लांडग्यांवरचे पुस्तक १९६३ चे. ते मी वर्गात तोंडी सांगतो. मोवॅट लांडग्यांसारखे उंदीर खाऊन पाहतो तो भाग मुलांना फार आवडतो. २०१४ च्या मे महिन्यात, त्र्याण्णवावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, तो वारला.

पण एक गोष्ट वगळून चालायची नाही. १९९६ साली त्याच्याच देशातल्या 'सॅटर्डे नाइट' मासिकाने त्याच्यावर मोठा लेख छापला. उत्तरेकडच्या पुस्तकांत त्याने पुष्कळ गोष्टी वाढवून, बदलून सांगितल्या, असा आरोप होता. मुखपृष्ठावर त्याचे चित्र लांब नाक काढून छापले होते. त्याचा बचाव साधारण असा, की हकिकतीच्या तपशिलापेक्षा तिच्यातले सत्य मोठे. हे मी वाचले तेव्हा मला बरे वाटले, हे कबूल करतो. माझ्याच पंथातला निघाला! पण ते समाधान दोन दिवसही टिकले नाही. झोपड्यातला जर्मन उद्या खोटा ठरला, तरी किडा खोटा ठरत नाही. स्वतःला लहान करणारे खोटे कोण कशाला रचील? मी रचले होते ते आजोबांना मोठे करणारे, आणि खरे म्हणजे त्यांच्या खांद्यावर बसून मला मोठे करणारे.

त्या दिवसांतली त्याची आणि आईबापांची पत्रे १९९२ साली पुस्तकरूपाने आली. पत्रांत किडा नाही. थट्टा आहे, खाण्यापिण्याच्या गोष्टी आहेत, आणि जसजसे महिने जातात तसतशी थट्टा कडवट होत जाते. बाप स्वतः खंदकातून आलेला. त्याला त्या थट्टेमागचे कळले नसेल असे मला वाटत नाही. पण दोघांनीही ते बोलायचे नाही असे जणू ठरलेलेच. बाप १९७७ साली वारला आणि हे पुस्तक दोन वर्षांनी आले. मोरोपासून मोजले तर छत्तीस वर्षांनी. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एक शब्द बाहेर काढायला छत्तीस वर्षे लागली. आमच्या आबांना तर लिहिताच येत नव्हते. इटलीतून त्यांची तीन पत्रे आली ती पलटणीतल्या कारकुनाच्या हातची. तिन्हींत मजकूर एकच: 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, बैलास जपणे.'

आबा लढाईबद्दल मुळीच बोलत नसत असे नाही. एकदा बोलले. आमच्या एका चुलत्यांच्या मर्तिकाला पाऊस लागला आणि सरण पेटेना. लोक रॉकेल ओतीत होते. आबा बाजूला उभे होते. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आले.

"सांगरूवर बी लाकडं वली हुती," ते म्हणाले. "समदी पोरं तशीच ऱ्हायली रात्रभर."

मी तेव्हा बारा वर्षांचा. मला वाटले, सांगरू गावचे कुणी वारले असेल.

सांग्रो नदीजवळ आता दोस्त फौजांचे मोठे स्मशान आहे. कबरींच्या त्या रांगांत एक स्मारक दहन केलेल्या हिंदी शिपायांचे आहे. पाचशेहून अधिक नावे आहेत. ओर्तोनाच्या बाजूला, मोरोपाशी, दुसरे स्मशान. तिथल्या सोळाशे पंधरा कबरींत तेराशे पंच्याहत्तर कॅनेडियनांच्या आहेत. मी तिथे कधी गेलेलो नाही, जाईन असे वाटतही नाही. एवढे कळल्यावर मात्र ओल्या लाकडांचे ते एक वाक्य मला माझ्या सबंध प्रकरणापेक्षा जड वाटू लागले.

आणि आता पाणपोईचे. आबा दर उन्हाळ्यात आमच्या फाट्यावर, एसटी थांबते तिथे लिंबाखाली, चार रांजण मांडून बसत. लढाईतून आले त्या वर्षापासून हातपाय चालेनासे होईपर्यंत. पाणी दीड मैलावरून खांद्यावर कावडीने आणायचे. आमच्या मुलखात पाणी पाजण्याचे पुण्य मोठे, आणि असे रांजण पुष्कळजण मांडतात. पण झोपड्याचे ते पान वाचल्यापासून माझ्या डोक्यातला कादंबरीकार मला गप्प बसू देत नाही. तो म्हणतो, मोरोच्या काठी आबांजवळही कुणीतरी पाणी मागितले असेल, आणि बाटली रिकामी असेल. लिही. दुवा किती सुरेख जुळतो बघ. जुळतो खरा. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. आबांनी रांजण का मांडले ते मला विचारायचे सुचले नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

यंदा प्रकाशकांनी त्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायचे ठरवले आहे. मुद्रिते गणपतीच्या आधीच येऊन पडली. 'कडा' या प्रकरणाची बावीस पाने मी वेगळी काढून दगडाखाली ठेवली आहेत. काढून टाकले तर पुढच्या दोन प्रकरणांना आधार राहत नाही. ठेवले तर आबांचा प्रश्न आहे तसाच राहतो. एक दिवस मी त्या गर्जनेच्या आधी चार ओळी घालून पाहिल्या. अंधार, चिखल, आणि पोटात काहीतरी वळवळते आहे. पण ती वळवळ मोवॅटची होती, आबांची नव्हती. पुन्हा उसनवारीच. मी त्या खोडून टाकल्या.

प्रकाशकांचा दोनदा फोन येऊन गेला. दिवाळीनंतर पाठवतो, असे सांगितले आहे.